आपली माती नेमकी कोणती? मुंबईत मातीचा प्रकार ओळखण्याची क्रमवार पद्धत

मातीचा प्रकार ठरवताना बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकतात. वरची मूठभर माती उचलायची, रंग बघायचा आणि ‘लाल माती’ किंवा ‘काळी माती’ असे नाव देऊन मोकळे व्हायचे. मग त्या नावावर झाडे, खते, शोषखड्डे, कुंपणाच्या भिंतीचा पाया असे सगळे निर्णय होतात. मुंबईत ही चूक जास्त महागात पडते, कारण इथली बरीचशी जमीन भराव टाकून तयार झालेली आहे आणि वर दिसणाऱ्या मातीचा खालच्या जमिनीशी अनेकदा संबंधच नसतो.

रंग हा पुरावा आहे, पण एकट्या रंगावरून नाव द्यायचे नाही. आधी जागा, मग थर, मग क्षार, मग पोत आणि शेवटी नाव. हा क्रम मोडला की प्रत्येक चाचणीचे उत्तर चुकते. का चुकते, ते त्या त्या टप्प्यावर येईलच.

## तयारी: काय जमवायचे

- पहार किंवा कुदळ, खुरपे, घमेले, मोजपट्टी
- २ मिमी छिद्रांची चाळण
- सरळ बाजूंची, झाकण घट्ट बसणारी सुमारे १ लिटरची काचेची बरणी
- डिस्टिल्ड वॉटर, निदान २ लिटर (बॅटरीत घालायचे पाणी गॅरेजमध्ये मिळते, ते चालते)
- पांढरे व्हिनेगर, पीएचच्या पट्ट्या, ईसी (विद्युतवाहकता, जिच्यावरून पाण्यातले क्षार कळतात) दाखवणारे पेनसारखे मीटर
- सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट, १०० ग्रॅम पुरते. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानात मिळते. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट परिसरात विचारा
- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, काचेवर लिहिणारा मार्कर, जुनी वर्तमानपत्रे

चाळणीबाबत कसर करू नका. मैद्याची चाळण वापरली तर जाड वाळू वर अडकते, ती फेकली जाते आणि माती आहे त्यापेक्षा चिकण ठरते. मातीशास्त्रात २ मिमीपेक्षा मोठे ते सगळे खडे आणि त्याखालचे ते सगळे ‘माती’, म्हणून नेमकी २ मिमीचीच चाळण हवी. बरणीही गळ्याशी निमुळती नको. वळ्या असलेली पाण्याची प्लास्टिक बाटली तर मुळीच नको, कारण तिच्यात थरांची उंची मोजून काहीच अर्थ निघत नाही.

हंगाम: नोव्हेंबर ते मे हा काळ योग्य. पावसाळ्यात वरच्या थरातले क्षार धुऊन खाली जातात. खाडीजवळच्या ज्या जमिनीत मे महिन्यात पांढरी पापुद्री धरलेली असते, तीच ऑगस्टमध्ये निर्दोष दिसते. क्षार तपासायचे असतील तर एप्रिल-मे गाठा.

## टप्पा १: माती तिथलीच आहे की आणलेली?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण ‘ही माती कशी बनली’ हे शब्द फक्त जागेवर बनलेल्या मातीलाच लागू पडतात.

जागेवर माती बनते तेव्हा पाच गोष्टी काम करतात: खालचा खडक, पाऊस आणि तापमान, झाडे व जीवजंतू, जमिनीचा उतार आणि लागलेला काळ. मुंबई आणि सह्याद्रीपलीकडचे पठार, दोन्हींकडचा मुख्य खडक एकच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून थंड झालेला काळा बेसाल्ट. (मुंबई बेटावर काही ठिकाणी ज्वालामुखीय राखेचे खडक आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मधले गाळाचे थरही आहेत, पण मातीच्या हिशेबात बेसाल्टच मोठा.) तरीही सोलापूरकडे काळी माती आणि कोकणात तांबडी. फरक पाण्याचा आहे.

बेसाल्टमधली खनिजे कुजू लागली की कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका आणि लोह सुटे होते. पाऊस ६००-७०० मिमी असेल आणि जमीन सपाट किंवा खोलगट असेल तर सुटलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि सिलिका तिथेच राहते. त्यांच्यापासून स्मेक्टाइट गटाची चिकण खनिजे तयार होतात. ती पाणी घेतली की फुगतात, वाळली की आक्रसतात. ही झाली काळी, भेगाळणारी माती. मुंबईसारखा २२०० मिमीच्या पुढे पाऊस आणि पाणी निचरून जाईल असा उतार असला की कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका वाहून जाते. मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिनाइट हे न फुगणारे चिकण खनिज उरते. लोह गंजते, माती तांबडी होते. हीच क्रिया सपाट माथ्यांवर अतिशय दीर्घकाळ चालली की जांभा बनतो. माथेरानच्या रस्त्यांवरची लाल धूळ त्याच जातीची.

तिसरी गोष्ट खाडीची. ठाणे खाडी, गोराई, मालाड, माहीम इथे भरती-ओहोटीने आणलेला बारीक गाळ साचून राखाडी-काळा, खारा, चिकट चिखल तयार झालेला आहे. तो खडक कुजून जागेवर बनलेला नाही. पाण्याने वाहून आणलेला आहे.

आता तुमची जागा यात कुठे बसते ते असे तपासा.

क) जुना नकाशा किंवा इमारतीची कागदपत्रे पाहा. जागा पूर्वी खाजण, मिठागर, तलाव किंवा भातखाचर होती का? पुनर्विकास झालेल्या सोसायट्यांमध्ये बांधकामापूर्वीचा बोअरचा (जमिनीत खोल छिद्र पाडून केलेल्या तपासणीचा) अहवाल बहुतेक वेळा असतो. त्यात ‘भराव’ किती मीटर, हे पहिल्याच ओळीत लिहिलेले असते.

ख) जागेची उंची बघा. बोरिवलीतच पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालात तर तीन वेगळ्या जमिनी लागतात: राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांवर उथळ, मुरमाड, तांबूस माती, पायथ्याशी वरून वाहून आलेली खोल, बारीक माती, आणि गोराई खाडीच्या कडेला खारवट चिखल. डोंगर, पायथा, खाडी हा क्रम मुंबई-ठाणे पट्ट्यात जागोजाग सापडतो.

ग) मातीत विटांचे तुकडे, प्लास्टर, टाइल, काच, प्लास्टिक, काळी टोकदार क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) किंवा शिंपल्यांचा चुरा दिसतो का? विटांचा चुरा ओला झाला की अगदी लाल मातीसारखा दिसतो. बोटांत चुरडा. विटेचा कण कडक आणि खरखरीत राहतो, लाल मातीचे ढेकूळ पाण्यात मळले की विरघळत जाते.

> तपासा: वरच्या १ मीटरमध्ये माणसाने बनवलेल्या वस्तूंचे तुकडे आकारमानाने २० टक्के किंवा जास्त असतील, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्या जमिनीला ‘टेक्नोसॉल’ हा वेगळाच गट आहे. तिला लाल, काळी, जांभी यांपैकी कोणतेही नाव देऊ नका. पुढच्या चाचण्या करा, पण ‘भराव’ हे नाव कायम ठेवा.

## टप्पा २: खड्डा खणा आणि थर वाचा

६० सेमी खोल, जमल्यास १ मीटर. रुंदी एवढी हवी की एक उभी भिंत खुरप्याने तासून स्वच्छ करता यावी. ऊन भिंतीवर पडेल अशी बाजू निवडा.

सावधान: मुंबईत सोसायटीच्या आवारात खणण्याआधी गॅसची पाइपलाइन, विजेची केबल आणि जलवाहिनी कुठून गेली आहे हे विचारून घ्या. पहार जोरात मारू नका. एक मीटरचा खड्डा कडेला आधार नसताना, पावसाळी दिवसांत, कधीही खणू नका. कांदळवनातून आणि राष्ट्रीय उद्यानातून माती उचलू नका. दोन्ही संरक्षित आहेत.

भिंत तासली की वरून खाली वाचा:

- वरचा गडद थर, मुळे आणि गांडुळांच्या वाटांसह. जाडी लिहा.
- त्याखाली चिकणमाती, लोह किंवा चुना साचलेला थर. बोटाला वरच्यापेक्षा चिकट लागतो. ढेकळांच्या बाजूंवर पातळ चकाकती साय धरलेली दिसली तर वरची चिकण झिरपून खाली आली आहे.
- मग कुजका खडक, म्हणजे मुरूम. नखाने नाही, पण खुरप्याने फुटतो.
- शेवटी अखंड खडक.

थर एकमेकांत हळूहळू मिसळत असतील तर माती तिथेच बनली आहे. सीमा सुरीने कापल्यासारखी सरळ असेल आणि तिच्या खाली पुन्हा गडद, मुळे असलेला थर लागत असेल, तर वर भराव टाकलेला आहे आणि खालची गाडली गेलेली जुनी जमीन तुम्हाला सापडली आहे. असा गाडलेला थर दिसला की दोन वेगळे नमुने घ्यायचे. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर ती सरासरी कोणत्याच मातीची नसते.

आता रंग. तोही ओल्या मातीचा, सावलीत. सुकी माती एक-दोन छटा फिकी दिसते, म्हणून दोन जणांची उत्तरे जुळत नाहीत. राखाडी किंवा निळसर पट्टे आणि त्यात गंजाचे ठिपके असतील तर तो थर वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. झाड लावायचे असेल तर या एका निरीक्षणाला बाकी सगळ्या चाचण्यांपेक्षा जास्त वजन द्या. ठिपके ३० सेमीवर लागले तर त्याखाली बहुतेक फळझाडांची मुळे गुदमरतात.

काळ्या रंगाचा अर्थ लावताना घाई नको. दख्खनच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्या आतच असतो. तिचा काळेपणा थोड्याशा सेंद्रिय पदार्थाने चिकण कणांना घट्ट लपेटल्यामुळे येतो. तेव्हा ‘काळी, म्हणजे खत लागणार नाही’ हे साफ चूक. खाडीच्या चिखलाचा काळेपणा आणखी वेगळा. तो लोहाच्या सल्फाइडचा असतो, आणि ढेकूळ फोडले की सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा चिखल उकरून हवेत वाळवला की त्यातून गंधकाम्ल तयार होऊ शकते. ओल्या चिखलाचा पीएच ७ च्या आसपास आला म्हणून निश्चिंत होऊ नका. मूठभर चिखल ओलसर ठेवून काही आठवडे हवेत राहू द्या आणि पुन्हा मोजा. पीएच ४ च्या खाली गेला तर ती माती बागेत आणायची नाही.

## टप्पा ३: नमुना घ्या, वाळवा, चाळा

एका जागेतून ५-६ ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा २० सेमी खोल खड्डा करून त्याच्या बाजूची २-३ सेमी जाडीची चकती वरपासून खालपर्यंत कापा. हा ०-२० सेमीचा ढीग आणि टप्पा २ च्या खड्ड्याच्या भिंतीतून घेतलेला २०-६० सेमीचा ढीग वेगळे ठेवा. कंपोस्टच्या खड्ड्याजवळ, झाडाच्या बुंध्याशी, गटाराच्या कडेला, नुकतेच खत दिलेल्या वाफ्यात नमुना घेऊ नका.

ढीग एकत्र कालवा, पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. मग वर्तमानपत्रावर सावलीत वाळवा. उन्हात किंवा तव्यावर नको: लोहयुक्त तांबडी माती तापवून वाळवली की तिचे चिकण कण एकमेकांना घट्ट धरतात आणि नंतर सुटत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत पंख्याखाली चार-पाच दिवस सहज लागतात.

वाळलेली ढेकळे लाकडी लाटण्याने हलके दाबून फोडा. कुटू नका, नाहीतर मऊ मुरमाचे खडेही पीठ होऊन मातीत जमा होतील. मग २ मिमीतून चाळा. चाळणीवर उरलेले खडे फेकण्याआधी त्यांचे वजन करा. एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून ते जास्त असतील तर खालचा पोत काहीही येवो, जमीन मुरमाड आहे आणि पाणी धरणार नाही.

## टप्पा ४: चुना, पीएच आणि क्षार

हा टप्पा बरणीच्या चाचणीआधीच करायचा. मुंबईकर वाचक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच.

चुना: सुक्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसले तर चुना आहे. आता तो कुणाचा हे बघा. फसफसणारा तुकडा चपटा, आत वाळू दिसणारा असेल तर ते प्लास्टर किंवा सिमेंट. गोलसर, पांढरट, खडबडीत गाठ असेल तर ती काळ्या मातीतली नैसर्गिक चुनखडी. कोकणातल्या पावसाने धुऊन निघालेल्या तांबड्या मातीत चुना जवळजवळ नसतोच. ‘लाल माती’ फसफसली की तिच्यात रॅबिट (बांधकामाचा राडारोडा) मिसळले आहे असे खुशाल समजा. व्हिनेगर सौम्य असते, त्यामुळे कानाजवळ धरून बारीक आवाजही ऐका.

पीएच आणि क्षार: २० ग्रॅम चाळलेली माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर. अर्ध्या तासात चार-पाच वेळा ढवळा, मग पीएच बघा. गाळ खाली बसू द्या आणि वरच्या पाण्यात मीटर बुडवा. मीटर ईसीवर ठेवा, पीपीएमवर नको. वेगवेगळ्या कंपन्या पीपीएम काढताना वेगवेगळा गुणक वापरतात. मीटरवर १००० मायक्रोसिमेन्स दिसले की ते १ डेसिसिमेन्स प्रति मीटर झाले.

- १ च्या खाली: क्षारांची काळजी नाही.
- १ ते २: उगवणीला त्रास, नाजूक भाज्या नकोत.
- २ च्या वर: बहुतेक पिकांची वाढ खुंटते. माती खारवट म्हणून नोंदवा.

प्रयोगशाळेच्या अहवालात कधी ‘४ च्या वर खारवट’ अशी मर्यादा दिसते. ती संपृक्त मातीतून ओढून काढलेल्या पाण्यासाठी आहे, या १:२.५ मिश्रणासाठी नाही. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

> तपासा: ईसी १ च्या वर आला असेल तर बरणीसाठीची माती आधी धुवा. वाटीभर माती डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, पूर्ण बसू द्या, वरचे नितळ पाणी ओता. असे तीन वेळा. कारण खाऱ्या पाण्यात चिकण कणांचे गठ्ठे बनतात आणि ते पोयट्याच्या (वाळू आणि चिकण यांच्या मधल्या आकाराच्या कणांच्या), कधी वाळूच्याही वेगाने खाली बसतात. न धुतलेली खाजणाची माती अर्ध्या तासात नितळ पाणी देते आणि लोक तिला ‘रेताड’ म्हणतात. प्रत्यक्षात ती शहरातली सगळ्यात चिकण माती असते. बोअरचे जड पाणी वापरले तरी हाच घोळ होतो.

## टप्पा ५: हाताने पोत ओळखा

वाळू, पोयटा आणि चिकण या तीन आकारांच्या कणांचे प्रमाण म्हणजे पोत. वाळू २ ते ०.०५ मिमी, पोयटा ०.०५ ते ०.००२ मिमी, चिकण त्याहून बारीक.

१. २५ ग्रॅमच्या आसपास माती तळहातावर घ्या. थेंब थेंब पाणी घालत पुरीच्या कणकेइतकी घट्ट मळा.
२. तांबडी माती असेल तर निदान पाच-सात मिनिटे मळत राहा. लोहाच्या ऑक्साइडने चिकण कण एकत्र बांधलेले असतात, म्हणून सुरुवातीला ती वाळूसारखी रवाळ लागते. मळता मळता रवाळपणा कमी होत गेला तर ती वाळू नव्हती.
३. अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून पट्टी पुढे सरकवा, आपल्या वजनाने तुटू द्या आणि लांबी मोजा.

गोळाच बनत नसेल तर वाळू. पट्टी २.५ सेमीच्या आत तुटली तर दुमट (तिन्ही कणांचे मिश्रण असलेल्या) गटातली. २.५ ते ५ सेमी असेल तर चिकण दुमट गटातली. ५ सेमीच्या पुढे गेली तर चिकण. मग चिमूटभर माती तळहातावर भरपूर पाण्यात घासा: खरखर जाणवली तर नावापुढे ‘वाळूमिश्रित’ लावा, पिठासारखी मऊ लागली तर ‘पोयटायुक्त’.

हे उत्तर कागदावर लिहून ठेवा आणि मगच बरणीकडे वळा. आधी बरणीचा आकडा कळला की हातालाही तेच जाणवू लागते.

## टप्पा ६: बरणीची चाचणी

१. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट ५० ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी एक लिटर होईल इतके. हे द्रावण चिकण कणांना एकमेकांपासून सुटे ठेवते. भांड्यांचा साबण हा कामचलाऊ पर्याय आहे. तांबड्या मातीत तो पुरत नाही.

२. बरणीत सुमारे १५० ग्रॅम माती, १०० मिली द्रावण आणि थोडे पाणी घालून रात्रभर भिजवा. काळी आणि तांबडी माती भिजवल्याशिवाय हलवून उपयोग नाही.

३. सकाळी पाणी तळापासून १५ सेमी उंचीपर्यंत भरा. उंची मोजपट्टीनेच मोजा, पुढच्या वेळा तिच्यावरच अवलंबून आहेत.

४. दहा मिनिटे जोरात हलवा. बरणी सपाट जागी ठेवा, घड्याळ लावा. आता हात लावायचा नाही.

५. १ मिनिटाने बसलेल्या थराच्या माथ्यावर पहिली खूण. ही वाळू.

६. ९ ते १० तासांनी दुसरी खूण. दोन खुणांमधला पोयटा.

७. पाणी जवळजवळ नितळ झाल्यावर, दोन-तीन दिवसांनी, तिसरी खूण. वरचा थर चिकणमातीचा.

दुसरी खूण दोन तासांनी करा असे सर्रास सांगितले जाते. त्यातली गोम अशी: मुंबईत पाणी २८ अंशांच्या आसपास असते. त्यात ०.०५ मिमीचा कण १५ सेमी खाली यायला जेमतेम एक मिनिट लागते, पण ०.००२ मिमीच्या कणाला साडेनऊ तासांच्या वर. दोन तासांत थांबलात तर बारीक पोयटा चिकणमातीच्या खात्यात जातो आणि माती आहे त्यापेक्षा जड ठरते. सकाळी नऊला बरणी ठेवली तर संध्याकाळी सात वाजता खूण करा.

हिशेब: समजा एकूण थर ६० मिमी. वाळू ३०, पोयटा १२, चिकण १८. म्हणजे ५०, २० आणि ३० टक्के. पोताच्या त्रिकोणात (तिन्ही टक्क्यांवरून पोताचे नाव काढायच्या आकृतीत) चिकण २० ते ३५, पोयटा २८ पेक्षा कमी आणि वाळू ४५ पेक्षा जास्त असली की ती वाळूमिश्रित चिकण दुमट. इतर नेहमी लागणाऱ्या सीमा: चिकण ४० टक्के किंवा जास्त, वाळू ४५ पर्यंत आणि पोयटा ४० च्या आत असेल तर चिकण माती, चिकण २७ ते ४० आणि वाळू २० ते ४५ असेल तर चिकण दुमट, चिकण ७ ते २७, पोयटा २८ ते ५० आणि वाळू ५२ पर्यंत असेल तर दुमट.

बरणी आकारमान मोजते, वजन नाही. ताजा बसलेला चिकणमातीचा थर पाण्याने फुगलेला असतो, त्यामुळे चिकणचा आकडा थोडा जास्तच येतो. म्हणून बरणीचे उत्तर आणि हाताचे उत्तर शेजारच्या गटांत पडले तर हरकत नाही. दोन गट सोडून पडले तर भिजवणे, धुणे किंवा मळणे यांपैकी काहीतरी अपुरे राहिले आहे; टप्पा ४ पासून पुन्हा करा.

काळा भुसा वर तरंगत राहिला तर तो कोकोपीट किंवा कंपोस्ट. तो कोणत्याच थरात धरू नका. नर्सरीच्या पिशवीतल्या ‘तयार माती’त तो इतका असू शकतो की पोताची चाचणी करण्यात अर्थ उरत नाही.

## टप्पा ७: आक्रसण्याची चाचणी

पोत कळला तरी चिकण कोणत्या जातीची हे कळत नाही. चाळलेली माती लोण्याइतकी मऊ मळून १० सेमी लांब, १ सेमी जाड कांडी करा. तेल लावलेल्या ताटलीत सावलीत वाळू द्या. तीन-चार दिवसांनी मोजा.

कांडी ६ मिमी किंवा त्याहून जास्त आखडली तर फुगणारी चिकण आहे. ती माती पावसाळ्यात वर येते, उन्हाळ्यात खाली बसते. फरशी आणि कुंपणाची भिंत तडकते ती यामुळे. तांबडी माती तितकीच चिकण असूनही सहसा बरीच कमी आखडते. दोन मातींचा पोत सारखा आणि वागणूक वेगळी, याचे उत्तर इथे मिळते.

## टप्पा ८: आता नाव द्या

नाव देण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्या एकमेकांत मिसळायच्या नाहीत.

शेती आणि बागेसाठी मातीची जडणघडण आणि थर पाहतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या नकाशांत जी नावे दिसतात ती अमेरिकी पद्धतीची; तिच्यात एकूण १२ गण आहेत. आपल्या भागात लागतात ते थोडेच. ज्यात थर अजून पडलेलेच नाहीत अशी उथळ डोंगरउताराची माती किंवा ताजा गाळ म्हणजे एन्टिसॉल. थर नुकते दिसू लागले असतील तर इन्सेप्टिसॉल. वरची चिकण झिरपून खाली साचली असेल आणि मातीतले कॅल्शियम-मॅग्नेशियम फार धुऊन गेलेले नसेल तर अल्फिसॉल. व्हर्टिसॉल म्हणायला तीन खुणा एकत्र हव्यात: ५० सेमीपर्यंत चिकण ३० टक्के किंवा जास्त, उन्हाळ्यात उघडणाऱ्या भेगा आणि खोलवर ढेकळे एकमेकांवर घासून तयार झालेले गुळगुळीत, चकाकते तिरके पृष्ठभाग. नुसता काळा रंग पुरेसा नाही.

बांधकामासाठी भारतीय मानक १४९८ वापरतात. तिथे वाळूची सीमाच वेगळी: ४.७५ मिमीपासून ०.०७५ मिमीपर्यंत. त्याखालचे बारीक कण आकाराने वेगळे करत नाहीत. किती पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते, त्यावरून गट पाडतात. ती मर्यादा ३५ च्या आत, ३५ ते ५० आणि ५० च्या वर असे तीन भाग. बोअरच्या अहवालात ‘सीएच’ लिहिले असेल तर ती ५० च्या वरची, जास्त दबणारी चिकणमाती. खाडीकाठच्या भरावाखाली ती नेहमी सापडते. या अहवालातले वाळूचे टक्के उचलून पोताच्या त्रिकोणात घालू नका. तसेच, तुमच्या बरणीच्या चाचणीवरून पायाचा निर्णय घेऊ नका. त्यासाठी भूतांत्रिक अभियंत्याचा अहवालच लागतो.

नोंद एका ओळीत, पण पूर्ण लिहा. उदाहरणार्थ: ‘०-३५ सेमी भराव, विटा-प्लास्टर सुमारे १५ टक्के, फसफसते; ३५ सेमीखाली गाडलेली जुनी जमीन, तांबूस तपकिरी चिकण दुमट, चुना नाही, ईसी ०.४, पीएच ६.५, ५५ सेमीवर गंजाचे ठिपके, कांडी ३ मिमी आखडली.’

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा झाला तर या नोंदीची प्रत सोबत जोडा. थर वेगवेगळ्या पिशव्यांत द्या, पिशवीच्या आत आणि बाहेर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा, खताची रिकामी पिशवी वापरू नका. खाडीकाठची माती असेल तर कण-विश्लेषणाआधी क्षार धुऊन काढायला लेखी सांगा, आणि भराव असेल तर नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाशाबरोबर शिसे व इतर जड धातूंची तपासणीही मागा. जुन्या रंगाचे पापुद्रे आणि कारखान्यांचा कचरा भरावात येतो. पालेभाज्या लावण्याआधी हा आकडा हातात हवा.